डोळा शेवटी

चोडणच्या मंडळाने यंदा शिगम्याच्या चित्ररथावर
कुठल्याच पुराणात नसलेला प्राणी बसवायचा ठरवला.
सगुण च्यारीने बांबू वाकवले,
पोरांनी गोणपाट ताणलं, खळ लावून पेपर चिकटवले :
मगरीचा जबडा, घारीचे पंख,
शेपूट कुणाचं ते सगुणलाही सांगता येईना.
रंग माझ्याकडे.
डोळा शेवटी काढायचा, हा माझा नेम.

सगुणची धाकटी, वेदिता, शाळा सुटली की
रिकाम्या डब्यावर येऊन बसायची.
"ह्याला कुठले रंग दिसतात?"
ह्याला विचारायची सोय नाही, म्हटलं,
तोंड आहे पण अजून आत कागदच आहे.
आपण जे आहेत त्यांना विचारू.

धिरयोचा बैल बघ. लाल फडक्यावर धावतो म्हणतात,
त्याला फडकं हललेलं दिसतं, लाल नाही.
शेडबाहेरचा कुत्रा : निळं, पिवळं,
बाकी सगळं मे महिन्यातल्या गवतासारखं.
मधमाशीला पिवळ्या फुलाच्या पोटात
एक खूण दिसते, तिच्या रंगाला
आपल्याकडे शब्दच पाडलेला नाही.
काजूच्या फांदीवर चापडा असतो ना, हिरवा,
तो काळोखात उंदराची ऊब पाहतो.
आणि ही भिंतीवरची पाल,
चांदण्यातही हिला रंग कळतात.
रात्री आपण आंधळे होतो, ती नाही.

"मग देवचाराला?"
दिवेलागण झाली होती. राखणदार म्हण, मी म्हटलं.

त्याचे डोळे पालीचे असावेत.
खांद्यावर कांबळं, हातात चूड,
शीव फिरताना त्याला माती रात्रीही तांबडीच दिसत असेल,
कायतानच्या होडीचा निळाही.
आणि विकली गेलेली शेतं?
त्यांचा त्याच्या डोळ्यांत वेगळाच रंग असेल.
आपल्याला ती अजून हिरवी दिसतात.

ती काही बोलली नाही. मग म्हणाली,
"तुम्ही शेंदरी म्हणून पोपटी घेतलात."

डब्याचं लेबल निघून गेलं होतं.
तीस वर्षं मी लेबलं वाचून रंगवतोय :
देवळाचे खांब, बारचे फलक, पंचायतीच्या पाट्या,
एका उमेदवाराची तर अख्खी भिंत.
पिकलेला काजू मला कधी झाडावर सापडला नाही,
बोंडू खाली पडला की मी वाकायचो
आणि घरचे म्हणायचे, पोरगा आळशी आहे.

हे तिला सांगितलं नाही.
माणकीचं सांगितलं.
कायतान जाळ्यातून काढतो ती, शाई सांडणारी.
तिला म्हणे रंगच कळत नाहीत, एकही नाही.
पण वाळूवर गेली की वाळू,
खडकावर खडक, शेवाळावर शेवाळ.
"न बघता?"
बघून. पण काय बघून, ते शिकलेल्यांनाही
अजून नीट सापडलेलं नाही.

वेदिताने पोपटी डबा बाजूला सारला नाही.
"खवले असेच राहू देत," म्हणाली,
"आमच्यासाठी नको, ह्याच्याचसाठी रंगवा."
सगुण येऊन थबकला,
"हे काय रे बाबा?" एवढंच म्हणाला, आणि निघून गेला.

डोळा मी तिला काढायला दिला.
शिडी धरून उभा राहिलो.
तिने तीन डब्यांतून काहीतरी एकत्र केलं,
मला ते ओल्या चिखलासारखं दिसलं,
मध्ये एक ठिपका, तो मात्र उजळ.
कुठला रंग? मी विचारलं नाही,
तिनेही लेबल लावलं नाही.

मिरवणुकीच्या संध्याकाळी ट्रक फेरीवर चढवला.
मांडवीत कॅसिनोचे दिवे लोंबत होते.
फेरीवाला खाली उतरून आला,
मान वर करून बराच वेळ बघत राहिला,
मग टोपी काढून डोकं खाजवलं.
"हो खंय पळयता?" म्हणाला.

वेदिता कठड्यावर रेलून पाण्याकडे बघत होती.
प्राण्याचं तोंड पणजीकडे,
डोळा मात्र थोडा मागे वळलेला, चोडणकडे.
तो तिने तसा काढला
की वाटेत बांबू सरकला, कोण जाणे.